फाईल वापरात आहे

दुपारी स्टॉकची फाईल कोण उघडून बसतं, हा एकच प्रश्न मी त्या वर्षी इतक्या जणांना विचारला की धामणकर नाक्यावरचे रिक्षावालेसुद्धा मला पाहून तोंड फिरवत असतील, आली ही, आता आपल्यालाही विचारणार. चूक माझी नव्हती. मी स्वभावाने तशी शांत आहे, असं निदान माझं मत आहे. पण रोज दुपारी कॉम्प्युटरच्या काळ्या चौकटीत तीच ओळ उमटायची, फाईल वापरात आहे, कॉपी करता येत नाही, आणि माझ्या डोक्याचा भुगा व्हायचा.

आम्ही शेलार गावचे. कशेळीला खाडीच्या अंगाला आमची थोडी जमीन होती, तिथे आधी भात व्हायचा. मग सगळ्यांनी केलं तेच आम्ही केलं, भराव टाकला आणि गोदामं उभी केली. लूमवाल्या व्यापाऱ्यांचं सूत आणि कापडाच्या गाठी ठेवून घ्यायच्या, किती आलं किती गेलं ते लिहायचं, हा आमचा धंदा. धंदा नावाला बाबांचा, म्हणजे रामनाथ शेठांचा. चालवायचा कुणालदादा, माझा थोरला भाऊ. नाक्यावर पहिल्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस होतं, तिथे चुलतभाऊ देवेश बिलं करायचा. आणि कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडे. मी बी.कॉम. झाल्यावर ठाण्याला जाऊन हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स केला होता. घरातल्या बायकांना ते शिवणक्लाससारखं काहीतरी वाटायचं, आणि मीही ते खोडून काढत बसले नाही.

आदल्या वर्षी लाईट गेली आणि दणक्यात परत आली, तेव्हा कशेळीच्या मशीनची डिस्क जळाली. कुणाच्या किती गाठी आहेत ते कुणालाच सांगता येईना. पार्ट्या गेटवर येऊन उभ्या, आणि आम्ही आत गोण्या मोजतोय. दादाने तेव्हाच बजावलं, असं पुन्हा झालं तर लोक आपल्या गोदामात फाटकी गोणीसुद्धा ठेवणार नाहीत. म्हणून मी बॅकअपचं काम अंगावर घेतलं. मागे कुणी लागलं नव्हतं, मीच म्हटलं, करते. घरातली ही एकच गोष्ट अशी होती जिथे माझ्याशिवाय पान हलत नव्हतं. स्वयंपाकघरात आई होती, वहिनी होती, तिथे मी असून नसून सारखीच. पण मोडेमचा दिवा लाल झाला की सगळे माझं नाव घेऊन ओरडायचे. मला ते ओरडणं फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

बॅकअपची स्क्रिप्ट मी स्वतः लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला आधीच लिहून दिलेली कामं, हे कर, मग ते कर, झालं की सांग. नाक्यावरच्या मशीनने फोनच्या तारेवरून कशेळीच्या मशीनमध्ये जायचं, सगळ्या फाईली उचलून आणायच्या आणि दुसऱ्या डिस्कवर ठेवायच्या. लोक हे काम रात्री करतात, कारण रात्री कुणी फाईल उघडून बसलेलं नसतं. आमच्याकडे रात्रीचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी गोदामाला कुलूप लागलं की वॉचमन नामा मेन स्विच पाडायचा. आग लागायची भीती. सुताला ठिणगी पडली तर विझवायलाही काही उरत नाही, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मग मी जेवणाची सुट्टी धरली. त्या वेळी लोडशेडिंग नसायचं आणि माणसं डब्यावर बसलेली असायची.

शिवाय मी एक शहाणपणा केला. कॉपी सुरू व्हायच्या थोडं आधी सगळ्या मशीनवर टण्ण करून एक करडी चौकट यायची, बॅकअप सुरू होतोय, फाईली बंद करा. चौकट नाक्यावर यायची, कशेळीला यायची आणि शेलारला घरीही यायची. घरी एक कॉम्प्युटर दादाने हौसेने आणून ठेवला होता, बाबांना बसल्या जागी गोदामातला माल बघता यावा म्हणून. मी बाबांना शिकवलंही होतं, या चित्रावर दोनदा टिचकी मारा, की आपला स्टॉक दिसेल. ते बरं म्हणाले होते. मशीन दिवसभर चालूच असायचं, पण पुढे आईने त्यावर विणलेलं कव्हर घातलं, वर फुलदाणी ठेवली, आणि विषय संपला.

स्क्रिप्ट सुरू करायच्या आदल्या दिवशी जेवताना मी सगळ्यांना ती समजावूनही सांगितली होती. दादा फोनवर होता, वहिनी वाढत होती, म्हणजे ऐकणारे एकटे बाबाच. मी म्हटलं, बाबा, रोज दुपारी मी गोदामातल्या सगळ्या मालाचं माप नाक्यावर काढून घेणार, उद्या काही कमीजास्त झालं तर हे माप काढून बघायचं. बाबांनी विचारलं, माप कोण घेणार, तूच का. मी म्हटलं, मीच. रोज का, तर रोज. त्यांनी मान हलवली आणि भातावर आमटी घेतली. बाबांना एवढं कळलं, दादाला का कळत नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी सगळ्या फाईली आल्या. बिलं आली, पत्रं आली, देवेशने लपवलेली गाणीसुद्धा आली. आली नाही ती फक्त स्टॉकची फाईल, म्हणजे ज्या एकीसाठी हा सगळा खटाटोप होता तीच. स्टॉकचा प्रोग्रॅम असा होता की कुणीही एकाने तो कुठूनही उघडला की फाईलला आतून कडी. नोंदी करता यायच्या, पण उचलून नेता यायची नाही. मी मनाशी म्हटलं, शमीम आपा बंद करायला विसरली.

शमीम आपा कशेळीच्या गोदामात नोंदी करायची. वयाने माझ्याहून बरीच मोठी, बोटं सतत कीबोर्डवर आणि तोंड सतत चालू. तिला फोन केला, तर ती म्हणाली की मैने तो बंद करके ही डब्बा खोला, उलट तूच बघ तुझं काय बिघडलंय ते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी शेअर रिक्षात कोंबून घेऊन कशेळी गाठली. ट्रकांच्या रांगेत इतका वेळ गेला की चालत आधी पोचले असते. तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. चौकट आली, आपाने माझ्यादेखत प्रोग्रॅम बंद केला, हात वर करून दाखवले, आणि डबा उघडला. मी नाक्याला फोन लावला. देवेश म्हणाला, फाईल वापरात आहे.

मग मी कशेळीच्या मशीनमध्ये कुणी काय उघडलंय त्याची यादी काढली. स्टॉकची फाईल उघडलेली, आणि उघडणाऱ्याचं नाव ADMIN. आता आमच्याकडे सगळेच ADMIN. प्रोग्रॅम बसवून गेलेल्या माणसाने सगळ्या मशीनना एकच नाव देऊन ठेवलं होतं, आणि ते बदललं तर प्रोग्रॅम रुसायचा. पत्ता बघितला तर तो नाक्याचा. पण शेलारचं घर आणि नाक्याचं ऑफिस दोन्ही कशेळीत एकाच वाटेने शिरत होती, त्यामुळे दोघांचा पत्ता एकच दिसायचा. घरच्या मशीनवर तर फुलदाणी. म्हणजे उरला देवेश.

देवेशवर मी फार चिडले. तो गरीब बिचारा, पण चेहराच असा की काही न करता चोर दिसतो. मी त्याच्या मागे उभी राहून दुपारभर पहारा केला. त्याने सगळं बंद केलं, आपलं बिलांचं मशीनच बंद केलं, शेवटी वायर काढून हातात धरली, तरी शेजारच्या बॅकअपच्या मशीनवर तीच ओळ. फाईल वापरात. तो वायर धरून माझ्याकडे बघतोय आणि मी त्याच्याकडे. आपा म्हणाली, कुछ साया-वाया तो नहीं, गोदामाच्या जागेत पूर्वी काय होतं विचार बरं. मी म्हटलं, भात होता. भाताचं भूत ऐकलंयस कधी?

घरीही एकदा फोन केला, नाही असं नाही. बाबांनीच उचलला. मी विचारलं, बाबा, आपल्या कॉम्प्युटरला कुणी हात लावला का. ते म्हणाले, मी असताना कोण लावतो हात. मी म्हटलं बरं, आणि फोन ठेवला.

शुक्रवारी लूम बंद, गोदाम सुस्त, आपा सुट्टीवर, तिची खुर्ची टेबलाखाली ढकललेली. फाईल वापरात. एकदा मी मशीनचा व्हायरस काढायला सगळी सकाळ घालवली. एकदा मोडेम बदलला. मग मला राग आला आणि मी स्क्रिप्टमध्येच लिहिलं, कॉपीच्या आधी फाईल ज्याने उघडली असेल त्याला बाहेर काढ. त्या दुपारी स्क्रिप्टने त्याला बाहेर काढलं, आणि कॉपी सुरू व्हायच्या आत तो परत आत. मी हाताने काढलं, परत आत. आमचं असं बराच वेळ चाललं, मी काढायची, तो शिरायचा. कुणीतरी हाडामासाचं माणूस पलीकडे बसलंय, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं. या ढकलाढकलीत आपाच्या सकाळच्या नोंदी तेवढ्या उडाल्या. तिने रडून गोंधळ घातला, दादापर्यंत गेलं, आणि दादाने ते जबरदस्तीने बाहेर काढणं बंद करायला लावलं.

नव्या विंडोजमध्ये फाईल उघडी असतानाच तिचा फोटो काढल्यासारखी कॉपी घ्यायची सोय आहे, असं मी सायबर कॅफेत बसून वाचून काढलं होतं. कशेळीचं मशीन जुनं, त्यात ती सोय नाही. नवं घे म्हटलं तर दादा म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

मधे एक दिवस मात्र चमत्कार झाला. आत्याच्या मुलाची हळद होती. आमच्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठी, सगळं घर सकाळीच तिकडे. स्क्रिप्ट आपली आपण चालणारी, तिला कुणाची गरज नाही. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर स्टॉकची फाईल सुखरूप येऊन बसलेली. मी आनंदाने नाचायची बाकी होते. काय वेगळं झालं त्या दिवशी? देवेश हळदीला होता. म्हणजे देवेशच! मी त्याला पुन्हा धारेवर धरलं, आणि त्याने पहिल्यांदाच आवाज चढवला. म्हणाला, मनाली, तूही हळदीला होतीस, मग तूच कशावरून नाहीस? स्वतःवर संशय घ्यायची पाळी आली होती आणि एकदोन दिवस मी तो प्रामाणिकपणे घेतलाही.

दादाचा धीर महिनाअखेरीस सुटला. त्याच्या ओळखीचे ठाण्याचे एक सर होते, कंपन्यांच्या कॉम्प्युटरची देखभाल करायचे. दादाने एका संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, उद्यापासून तिन्ही ठिकाणचं काम सर बघतील. मला म्हणाला, तू थकलीस, घरी आराम कर जरा. थकले? मी? मी बाबांकडे बघितलं. घरातला शेवटचा शब्द अजून त्यांचाच होता. ते म्हणाले, कुणालने ठरवलं असेल तर विचार करूनच ठरवलं असेल. पण त्यांच्या कपाळावर आठी होती आणि ते माझ्याकडे जरा गोंधळून बघत होते, जणू मीच काहीतरी सांगायचं बाकी ठेवलंय. मला वाटलं, झालं, यांच्याही मनातून उतरले. आत जाऊन मी इतकी रडले की वहिनीने आमटीला मीठ घालायच्या ऐवजी मला समजावलं आणि सगळ्यांना आळणी जेवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी घरी होते. किती दिवसांनी दुपारची घरी होते, आठवत नाही. सर सकाळी नाक्यावर आल्याचं देवेशने फोनवर सांगितलं. माझी स्क्रिप्ट त्यांनी उघडून वाचली, ठीक आहे म्हणाले, वर माझं नाव होतं ते खोडून आपल्या कंपनीचं घातलं. बाकी अक्षर बदललं नाही. हे ऐकून माझा तिळपापड झाला, पण आतून बरंही वाटलं. आता यांनाही दिसेल, म्हटलं. तीच स्क्रिप्ट, तीच फाईल, तीच ओळ. मग दादाला कळेल की अंगण खरंच वाकडं होतं.

आई जेवून आडवी झाली होती, वहिनी माहेरी. बाबा बाहेरच्या खोलीत खाली बसून वालाच्या शेंगा सोलत होते. मी त्यांच्यासमोर बसून सोलायला घेतल्या, पण लक्ष घड्याळाकडे. कव्हराखालून टण्ण असा बारीक आवाज आला. माझी चौकट. म्हणजे आता सरांची. बाबांनी मान वर करून तिकडे बघितलं आणि परत शेंगा सोलू लागले.

थोड्या वेळाने देवेशचा फोन आला. त्याचा आवाज पडलेला होता. म्हणाला, आली. मी म्हटलं, काय आली? तर म्हणाला, स्टॉकची फाईल आली, पूर्ण, पहिल्या झटक्यात. सर दादाला सांगतायत की काही विशेष नव्हतं, जरा पद्धतशीर हात लागला पाहिजे.

मी रिसीव्हर ठेवला आणि तिथेच उभी राहिले. पद्धतशीर हात! माझीच स्क्रिप्ट, माझ्याच ओळी. मला वेड लागायची वेळ आली. मी मोठ्याने बोलत होते बहुतेक, कारण बाबांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं की त्या माणसाने पहिल्याच दिवशी सगळा बॅकअप घेतला, काही अडलं नाही.

"भरलं का त्याचं माप?" बाबा म्हणाले. "भरू दे. आज मी न्हाय बसलो."

"कुठे नाही बसलात?"

बाबांनी शेंगेने कॉम्प्युटरकडे दाखवलं. मला अजून काही कळलं नव्हतं. मग ते मला समजावायला लागले, लहान मुलाला समजावतात तसं. टण्ण वाजलं की माप सुरू होतं, हे मीच त्यांना सांगितलं होतं. मग ते रोज वाजलं की फुलदाणी बाजूला ठेवायचे, कव्हर वर करायचे, चौकट न वाचताच घालवायचे, त्या चित्रावर दोनदा टिचकी मारायचे, आणि सगळा माल समोर उघडा ठेवून बसायचे. माप होईपर्यंत. मग परत बंद करून कव्हर, वर फुलदाणी. आई तेव्हा झोपलेली असायची.

मी विचारलं, रोज? तर म्हणाले, हळदीचा एक दिवस सोडून रोज. मी विचारलं, आणि मध्ये एकदा फाईल आपोआप बंद होत होती तेव्हा?

"तवा मना कोन तरी भायेर काढत व्हता," बाबा म्हणाले. "मी बोललो, बघ, चोर हाय. मी न्हाय हटलो. तो काढायचा, मी परत आत."

मी खाली बसले. शेंगांचं सूप कलंडलं, ते बाबांनी सरळ केलं. चोर मी होते, बाबा, असं तोंडावर आलं होतं. त्याऐवजी मी विचारलं, पण का बसायचात? आपली फाईल, आपला माल, आपल्याच घरातली मी माप घेत होते. माझ्यावर विश्वास नव्हता का?

बाबा शेंगा सोलायचे थांबले. त्यांना बहुतेक माझा प्रश्न नीट कळला नाही, किंवा मी असा प्रश्न विचारीन असं वाटलं नव्हतं. मग त्यांनी लडकूकाकाचं सांगितलं. लडकूकाका म्हणजे आजोबांचा धाकटा भाऊ. मी त्यांना कधी पाहिलं नाही, घरात त्यांचा फोटोही नाही. बाबा तेव्हा लहान होते. कशेळीच्या खळ्यावर भाताची रास पडली होती आणि मापाच्या दिवशी आजोबांना ताप आला, म्हणून ते घरी राहिले. माप घेतलं लडकूकाकांनी. रास कमी भरली. का कमी भरली कुणास ठाऊक, उंदरांनी खाल्लं असेल, ओलं असेल, पण कमी भरली आणि माप घेणारा एकटाच होता. कुणी तोंडावर काही बोललं नाही. नुसतं बघायला लागले. लडकूकाका त्यानंतर आमच्या खळ्यावर आले नाहीत, घरात जेवले नाहीत, मेले तेही सासुरवाडीला.

"मालक खळ्यावर असला तर कमी भरो न्हायतर जास्ती, मापाऱ्याला कोन बोलत न्हाय," बाबा म्हणाले. "मालक नसला तर मापारी चोर. तू बोललीस, मीच घेनार माप, रोज घेनार. मंग मना रोज बसायला नको? उद्या गाठ कमी भरली तर कुणाल काय बोलंल, देवेश काय बोलंल? मी बसलो व्हतो, मी बघत व्हतो, येवढं मना बोलता यायला पायजे."

इतके दिवस मी ज्याला शोधत होते, शिव्या घालत होते, खेचून बाहेर काढत होते, तो इथे चटईवर बसून माझं नाव सांभाळत होता. मला हसू येत होतं आणि रडू येत होतं, आणि दोन्हीतलं आधी कुठलं येऊ द्यायचं ते कळत नव्हतं. आता सांगावं का, की बाबा, तुम्ही बसलात म्हणूनच माप भरत नव्हतं? एक वाक्य होतं. ते बोलले असते तर दादाला फोन लावून तासाभरात माझं काम मला परत मिळालं असतं. आणि दादा हसला असता, देवेश हसला असता, सर तर ठाण्यापर्यंत हसत गेले असते.

मी दुसरंच विचारलं. म्हटलं, मग आज का नाही बसलात? माल तर तोच आहे.

बाबांना हा प्रश्न अगदीच बाळबोध वाटला.

"तो आपला कोन?" ते म्हणाले. "त्याचं नाव गेलं तर त्याचा बाप बघंल. मी कनाला बसू?"

आणि ते परत शेंगा सोलू लागले. दाणे एकीकडे, फोलपटं एकीकडे. मीही सोलायला लागले, पण माझे दाणे फोलपटांत पडत होते. ते बाबांनी निवडून परत काढले. मग बाबांनी माझ्याकडे बघितलं. कालची ती आठी परत कपाळावर आली होती, आणि आता मला कळलं की ती रागाची नव्हती. त्यांना खरंच काही सुचत नव्हतं. माझ्याइतकेच गोंधळलेले होते ते, बहुतेक माझ्याआधीपासून.

"बाय, एक सांग मना," ते म्हणाले. "तुजं काम काढलं कनाला त्यांनी? मी तर एक दिवस खाडा न्हाय केला."

"काय माहीत, बाबा," मी म्हटलं.